संकल्पाचं पान

मनोहर काकांना कीर्तनाचं वेड. वेस्ट विंडसरला राहायचे, औषधांच्या कंपनीत डेटाबेस सांभाळायचे. पण देशातून कोणी बुवा आले की काका रजा टाकून त्यांच्यामागे झांज घेऊन उभे. बुवांनी पूर्वरंगात एखादं पद उचललं आणि मागून साथीदारांची झील बरोबर पडली, की त्या दिवशी काकांना जेवण नसलं तरी चालत असे.

कीर्तन मंडळाची वेबसाइटही त्यांनीच उभी केली होती. तिच्यावर रेकॉर्डिंग होती, पुढच्या कार्यक्रमांच्या तारखा होत्या आणि एक संकल्पाचं पान होतं. मंडळाची रीत अशी, की आरतीच्या आधी बुवा देवापुढे संकल्प म्हणत: अमुक गोत्राचे अमुक, त्यांना आरोग्य लाभो, त्यांच्या मुलीचं लग्न जमो. सभामंडपात सगळ्यांदेखत. लांबच्या लोकांना येता येत नाही, तर त्यांनी साइटवर नाव, गोत्र आणि इच्छा लिहावी, बुवा ती म्हणतील, असं काकांनी ठरवलं. आणि जे देवापुढे मोठ्याने म्हणायचं ते पानावर दिसायला काय हरकत, म्हणून सगळे संकल्प साइटवर लावूनही टाकले. इथे वाढलेल्या मुलांना देवनागरी वाचता येत नाही म्हणून प्रत्येक नाव आणि त्याखालचा मजकूर इंग्रजी अक्षरांतही घातला. पोरं वाचतील, एवढाच हेतू. पोरांच्या आधी ते सर्च इंजिनांनी वाचलं.

शनिवारी सकाळी हर्नडनहून विनीता रेगेचा फोन आला. काकांनी तिला ओळखलं. दोन कीर्तनांना ती व्हर्जिनियाहून गाडी चालवत आली होती. आज ती आधी हवापाण्याचंच बोलत राहिली. मग म्हणाली, दीपा म्हणून तिची मैत्रीण आहे. देवांगसाठी, म्हणजे विनीताच्या नोकरी बदलू पाहणाऱ्या नवऱ्यासाठी, ती आपल्या कंपनीत शब्द टाकणार होती. म्हणून तिने सहज त्याचं नाव शोधलं, तर पहिलंच उत्तर मंडळाच्या साइटचं. त्यात लिहिलेलं: विनीता रेगे, काश्यप गोत्र, पती देवांग यांचं पिणं सुटावं.

संकल्प दिवाळीआधीचा होता; दिवाळीपासून देवांगने थेंबाला हात लावला नव्हता. कुणी विचारलं नव्हतं, कुणी बोललं नव्हतं, म्हणूनच हे निभावलं असं विनीताला वाटत होतं. आता बायकोने आपली लाज जगापुढे मांडली हे त्याला कळलं, तर तो पुन्हा बाटलीकडे वळेल याची तिला धास्ती होती.

काकांनी फोन कानाला तसाच धरून सगळं पान उतरवलं. सर्च इंजिनाकडे जुनी प्रत काही दिवस राहते, ती काढायची विनंती करतो, हेही सांगितलं. शोभना काकू पोळ्या लाटत ऐकत होत्या.

"तुमची वेबसाइट आहे की चाळीचा जिना?" त्या म्हणाल्या. "येणाऱ्याजाणाऱ्याला सगळं ऐकू जातंय."

चूक काकांना दिसत होती. मंडपात म्हटलेला संकल्प आरतीच्या झांजांत विरून जातो, ऐकणारे प्रसाद घेऊन घरी जातात. इथे तो खुंटीला टांगल्यासारखा दिवसरात्र लटकत होता.

विनीताने मग विचारलं, पान कोणी कोणी उघडलं ते तुम्हाला कळतं ना? काकांनी नोंदी उघडल्या. येणाऱ्या प्रत्येक कॉम्प्युटरचा इंटरनेटवरचा पत्ता साइट आपोआप टिपून ठेवायची. काकांनी त्या कधी नीट पाहिल्याच नव्हत्या. इतर पत्ते तुरळक. पण एक पत्ता रोज सकाळी, हिवाळाभर. आणि विनीताने संकल्प पाठवला होता तोही त्याच पत्त्यावरून, म्हणजे तिच्या घरूनच.

"तू वाचतेस का ते पान?" काकांनी विचारलं.

"मी? लिहिलं त्या दिवसानंतर उघडलंसुद्धा नाही. मला वाचवत नाही, काका. आणि सकाळी मी अंधारातच लॅबला निघते." मग ती म्हणाली, "देवांगने बघितलंय का, एवढंच सांगा."

हो म्हटलं असतं तर तिचा जीव भांड्यात पडला असता. नवऱ्याला केव्हाच ठाऊक आहे आणि तरी तो प्यायलेला नाही, ही आनंदाचीच बातमी. पण ती देवांगची होती. तो त्या पानावर गुपचूप येऊन बसत होता. कीर्तनाला कोण आलं, कोणत्या पदाला कुणाचे डोळे भरले, याचं टिपण बुवा ठेवत नाहीत आणि घरोघरी जाऊन सांगत तर नाहीतच.

"विनीता, कोण येऊन गेलं ते मी कुणालाच सांगणार नाही. तुलाही नाही. तुझं गाऱ्हाणं मी चव्हाट्यावर टांगलं. तेच दुसऱ्याचं नको करायला."

"म्हणजे त्याने बघितलंय."

"म्हणजे मी सांगणार नाही."

तिने फोन ठेवला. रागावली असावी. काकांनी त्या नोंदी पुसल्या, पुढे त्या टिपल्याच जाऊ नयेत अशी सोय केली आणि जेवायला बसले. पोळी गार झाली होती.

सोमवारी सकाळी मंडळाच्या मेलवर निरोप होता. "काका, संकल्पाचं पेज ओपन होत नाहीये. टेम्पररी आहे की कायमचं? ऑफिसला निघायच्या आधी मी ते एकदा बघतो. सवय झालीय. देवांग, हर्नडन."

काकांनी बऱ्याच वेळाने उत्तर लिहिलं: "कायमचं. पण तू बघत होतास ती ओळ जिने लिहिली, ती तुझ्या घरातच आहे. तिला सांग, की तू ती वाचत होतास."

काकूंनी खांद्यावरून वाचलं. "हे सांगणं नाही का झालं?"

"ज्याचं त्यालाच सांगतोय," काका म्हणाले आणि त्यांनी मेल पाठवून दिला.