खिशातलं काळीज

उत्कुबांबा नदीच्या वरच्या अंगाला, ढगांत बुडालेल्या त्या पेरूच्या गावात, पुरुषांना एक रामबाण औषध ठाऊक होतं. रानाच्या कडेला काट्यांत राहणारा, फुलांतला मध पिणारा इवलासा गुंजनपक्षी, त्यातला नर, गलोलीने पाडायचा. त्याचं मसुराएवढं काळीज चुलीवर वाळवून छातीच्या खिशात ठेवायचं. मग म्हणे हवी ती बाई आपल्या पायांनी दारात येते. गावातले निम्मे पुरुष असं काळीज बाळगून होते आणि त्यांच्या बायका त्यांच्याशी धड बोलत नव्हत्या. तरी औषधावरचा विश्वास तसूभर ढळला नव्हता.

सोराइदा पुस्कान विधवा होती. तिचं बटाट्याचं शेत रानाला अगदी टेकलेलं. कुंपणाच्या काट्यांवर रोज सकाळी असाच एक नर यायचा. अंगठ्याएवढा जीव, शेपटाला दोन लांब काड्या, काड्यांच्या टोकांना जांभळ्या-निळ्या टिकल्या. लाल घंटाफुलांवर दुसरं पाखरू उतरलं की हा भांडखोर त्याला पिटाळून लावायचा. पण मादी येऊन फांदीवर बसली की हवेत जागच्या जागी थांबून, तिच्यापुढे त्या टिकल्या हळूहळू झुलवायचा, झोका द्यावा तशा. मादी बघायची, फांदीला चोच पुसायची, निघून जायची. दुसऱ्या दिवशी हा पुन्हा हजर.

"ह्याला म्हणतात मागणी घालणं," सोराइदा शेजारच्या ओतिलिया आत्याला म्हणायची. "नाचतो, नकार घेतो, पण कुणाचं काळीज खिशात घालून फिरत नाही."

"एलेउतेरिओही नाचतोच की तुझ्यापुढे. कुंपण बांधतो, बटाटे काढू लागतो."

"नाचतो कसला, अस्वल लोळतं." पण ती हसली. "रविवारी हो म्हणणार आहे त्याला. तू बोलू नकोस, आधीच शेफारलाय."

शनिवारी कुंपण गप्प होतं. मादी आली, बसली, बराच वेळ मान वळवत राहिली आणि गेली. सोराइदा काट्यांत शिरली. खाली ओल्या पानांत निळी टिकली पडली होती, काडीसकट.

रविवारी एलेउतेरिओ केस चापून आला. हात राहून राहून छातीकडे जात होता.

"खिशात काय आहे रे?"

"कुठं काय. रुमाल."

"रुमालाला बराच जपतोस. काढ."

पुरचुंडीत मिऱ्यासारखं काळं, सुकलेलं काहीतरी निघालं.

"तू नाही म्हणशील असं वाटलं," तो पुटपुटला. "सगळेच ठेवतात."

"मी आज हो म्हणणार होते. आत्याला विचार. कालच्या आधीच ठरलं होतं माझं."

त्याचा चेहरा उजळला. "म्हणजे गुण आला की."

सोराइदाला राग यायला हवा होता, पण एवढ्या मोठ्या गड्यात राग ठेवायलाही जागा दिसेना.

"आला ना," ती म्हणाली. "तुझा गुण लग्न करायच्या आधीच दिसून आला, हे माझं नशीब. निघ आता."

दारापाशी तो घुटमळला. "पुढच्या रविवारी येऊ?"

"ये की," ती म्हणाली. "बटाटे काढायला माणसं लागणारच आहेत."