मी, ‘नोंदणी तारीख’चा मथळा

मित्रांनो, मी एक जुना मथळा आहे. संगणकाच्या पडद्यावर नावांची यादी उघडली की तिच्या वर एक राखाडी पट्टी दिसते. त्या पट्टीत ‘नाव’, ‘गाव’, ‘वय’ असे शब्द असतात आणि प्रत्येक शब्दाखाली त्याचा रकाना असतो. पट्टीतला अगदी शेवटचा चौकोन म्हणजे मी. माझ्यावर ‘नोंदणी तारीख’ असे लिहिले आहे.

माझा जन्म नांदेडच्या एका धर्मादाय दवाखान्यात झाला. ज्या मुलांना ऐकू येत नाही त्यांना तिथे कानाची मशीन मोफत मिळते. मशीन थोड्या येतात आणि मुले फार असतात, म्हणून नावे लिहून घ्यावी लागतात. त्यासाठी जावेद नावाच्या तरुणाने एक प्रोग्राम तयार केला. तो हौशी होता. त्याने मला उठावदार कडा दिल्या. माझ्यावर माऊसचे बटण दाबले की मी आत दबतो आणि सोडले की वर येतो. त्याच क्षणी मी प्रोग्रामला निरोप देतो, ‘शेवटच्या रकान्याचा मथळा दाबला आहे.’ माझे काम एवढेच. निरोप मिळाल्यावर पुढे काय करायचे, ते प्रोग्राम लिहिणाऱ्याने आधीच लिहून ठेवावे लागते.

पट्टीतला पहिला मथळा ‘नाव’, त्याच्यासाठी जावेदने ते लिहिले होते. त्याला दाबले की सगळी यादी अ, आ, इ अशी लागायची. यादी उघडतानाही ती तशीच लागलेली असायची, म्हणजे कुणाचेही नाव चटकन सापडावे. माझ्या वाट्याला मात्र त्याने रिकामी जागा सोडली आणि तिथे फक्त ‘हे नंतर’ असे लिहिले.

“रेणुकाताई, तारखेवर क्लिक केलं की ज्याचं नाव सगळ्यात आधी लिहिलं तो वर येईल,” तो नोंदणीच्या बाईंना म्हणाला. “तेवढं राहिलंय. उद्या करून देतो.”

त्या संध्याकाळी त्याला हैदराबादेतून नोकरीचा फोन आला. तो गेला तो गेलाच.

सुरुवातीला रेणुकाताई मला रोज दाबायच्या. मी आत दबायचो, वर यायचो, निरोप द्यायचो. निरोप त्या रिकाम्या जागेत पडायचा आणि तिथेच संपायचा. यादी तसूभरही हलायची नाही. ताईंना वाटायचे, आपलेच काही चुकते आहे. त्या हळू दाबून बघत, जोरात दाबून बघत. त्यांना सांगावे असे फार वाटायचे, पण मला एकच बोलणे येत होते आणि ते ऐकायला आत कोणी नव्हते. बाहेरून मी जिवंत दिसत होतो आणि आतून कोंडलेलो होतो.

ताईंनी व्यवस्थापक गुरुबसप्पा यांच्या कानावर घातले. ते निलंग्याकडचे, शांत स्वभावाचे गृहस्थ होते.

“यादी उघडते की न्हाई?” त्यांनी विचारले.

“उघडते.”

“मग राहू द्या की. मशीन आल्या की वरची नावं घ्यायची आन् फोन लावायचे. चालून राहिलंय ते बिघडवू नका.”

त्यांच्या मनात कोणाचे वाईट करायचे नव्हते. पण वरची नावे म्हणजे अ आणि आ ची नावे, हे त्यांच्या लक्षात आले नाही. मशीनचा खोका आला की वरच्या मुलांना फोन जायचे आणि मशीन मिळाली की त्यांची नावे यादीतून निघायची. मध्येच देगलूरला किंवा नायगावला तपासणीचे शिबिर व्हायचे आणि नव्या मुलांची नावे यादीत यायची. त्यांतली अ, क, ग ची नावे पुन्हा वर जाऊन बसायची. ज्यांची नावे ‘स’ आणि ‘ह’ वरून होती ती तळाला राहायची. मी हे सगळे बघत होतो. कोण आधी आले आणि कोण नंतर, ते तर माझ्याच रकान्यात लिहिलेले होते.

तळाच्या नावांत एक नाव होते सृष्टी. नायगाव तालुक्यातल्या एका खेड्यातली ही मुलगी. तिची आई सिंधु तिला पहिल्यांदा घेऊन आली तेव्हा सृष्टी तीन वर्षांची होती आणि एकही शब्द बोलत नव्हती. डॉक्टरांनी तपासून सांगितले होते, “मशीन जितक्या लवकर लागेल तितकं बरं. ऐकू आलं तरच बोलणं येतं.”

म्हणून सिंधु शेतातली कामे टाकून बसने यायची. खिडकीपाशी उभी राहून विचारायची, “म्याडम, आमच्या पोरीचं नाव हाय ना?”

“हाय की. खाली हाय.”

“मागल्या टायमालाबी खालीच व्हतं. वर कवा यायचं ते?”

 सिंधु भांडायची नाही. सृष्टीचा हात धरून निघून जायची. असे होता होता सृष्टी चार वर्षांची झाली, मग पाच, मग सहा. दारातून जाताना ती भिंतीवरच्या चित्रांकडे बोट दाखवायची आणि आईचा पदर ओढायची. तोंडातून आवाज यायचा, पण त्याचा शब्द होत नसे.

एके दिवशी सकाळी सिंधु आली तेव्हा बाकावर तिच्या शेजारच्या गावातली एक बाई बसलेली होती. तिच्या मुलाच्या कानात नवी मशीन होती. मुलाचे नाव होते आदर्श. सिंधुने त्याच्याकडे बघितले आणि ती खिडकीपाशी आली. या वेळी तिचा आवाज चढलेला होता.

“म्याडम, ह्यांनी आमच्या मागून नाव लिवलं. गेल्या साली तर आले हे. त्येंचं आधी कसं आलं? आमी काय कमी पडलो, ते तरी सांगा.”

 रेणुकाताईंनी यादी खाली सरकवत नेली, सृष्टीचे नाव शोधले आणि माझ्या रकान्यातली तारीख वाचली. मग आदर्शची वाचली, त्याचे नाव यादीतून अजून काढायचे होते; ती दोन वर्षांनंतरची होती. त्यांचा चेहरा उतरला.

“ताई, तुमचं खरं हाय,” त्या म्हणाल्या. “तुम्ही बसा जरा. आज असं पाठवत न्हाई तुम्हाला.”

त्यांनी एकेक तारीख बघत जुनी नावे वेगळी काढायला घेतली. पण यादी लांबलचक होती आणि खिडकीपाशी लोक येतच होते. अर्ध्यावर त्यांचा धागा तुटला. वैतागून त्यांनी मला दाबले, पुन्हा दाबले, दाबतच राहिल्या. मित्रांनो, तेवढा अगतिक मी कधीच झालो नव्हतो. हव्या त्या तारखा माझ्या खालीच होत्या आणि मला एकही नाव हलवता येत नव्हते.

शेजारच्या टेबलाशी कहकशां प्रिंटर दुरुस्त करत होती. तिच्या अब्बांचे, मोहियोद्दीनभाईंचे, वजिराबादेत संगणक दुरुस्तीचे दुकान आहे. ती कॉलेजात संगणकच शिकते आणि सुट्टीच्या दिवशी अशी कामे करते. ती उठून मागे येऊन उभी राहिली.

“ताई, तो दबतोय म्हणजे क्लिक पोचतोय,” ती म्हणाली. “पुढं कुणी काही लिहिलंच नसेल. हा प्रोग्राम कुणी केला?”

“जावेदने. त्याचं सगळं सामान ह्याच कंप्युटरात पडलंय बघ.”

कहकशांने जावेदचे फोल्डर शोधले. तिने ती रिकामी जागा आणि ‘हे नंतर’ हे शब्द वाचले. “या खुदा,” ती हळूच म्हणाली, खुर्ची ओढून बसली आणि लिहू लागली. सिंधु बाकावरून तिच्या बोटांकडे बघत होती.

थोड्या वेळाने कहकशांने मला दाबले. मी निरोप दिला आणि पहिल्यांदाच आतून कोणीतरी तो घेतला. सगळी यादी हलली! पण सृष्टीचे नाव पुन्हा तळालाच गेले.

“हे कसं?” रेणुकाताई रडवेल्या झाल्या.

कहकशांने वरच्या आणि खालच्या तारखा ताडून बघितल्या. मग म्हणाली, “हाव, समजलं. प्रोग्राम तारखेला नुसती अक्षरं समजून राहिला. कुठल्याही वर्षाची एक तारीख तो आधी घेतोय. सृष्टीचं नाव महिनाअखेरीला लिहिलंय, म्हणून ती खाली.” तिने मला शिकवले की आधी वर्ष बघायचे, मग महिना, मग दिवस. आणखी एक गोष्ट तिने केली. एकदा दाबले की जुनी नावे वर आणि पुन्हा दाबले की नवी वर. कोणती वर आहेत ते कळावे म्हणून माझ्या कोपऱ्यात एक छोटा बाण काढला.

मग ती बाजूला झाली. “ताई, तुम्ही दाबा.”

रेणुकाताईंनी मला दाबले. सर्वांत वर नाव आले देगलूरच्या सलमाचे. त्याखाली सृष्टी.

गुरुबसप्पांना बोलावून आणले. त्यांनी चष्मा सारखा करून वरच्या तारखा वाचल्या. मग सिंधुकडे वळून म्हणाले, “बाई, आमच्याकडून लई उशीर झाला. ह्या खोक्यातल्या दोन मशीन कपाटात शिल्लक हायेत. एक आत्ताच लावून घ्या.”

मशीन लागली तशी सृष्टी दचकली आणि मोठ्याने रडू लागली. स्वतःचे रडणे ऐकून ती एकदम थांबली. आईच्या तोंडाकडे बघू लागली. सिंधु हसत होती आणि डोळे पुसत होती. डॉक्टर म्हणाले, “आता हिच्याशी सारखं बोलत राहा. हीच मशीन तीन वर्षं आधी लागली असती तर...” 

सृष्टी आता महिन्यातून एकदा बोलणे शिकायला येते. तिच्या वयाची मुले धडे वाचतात. ती अजून ‘आई’ आणि ‘पाणी’ एवढेच म्हणते.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणीतरी मोठेपणी प्रोग्राम लिहील. पडद्यावर दाबता येईल असे काही ठेवलेत, तर त्याच्या मागचे काम त्याच दिवशी पुरे करा. जमत नसेल, तर ते दाबताच येणार नाही असे करा. म्हणजे निदान माणूस दुसरी वाट शोधेल. आमच्यासारख्यांना अर्धवट सोडून जाऊ नका. आम्ही आतून ओरडू शकत नाही.

दुसरी मशीन सलमासाठी म्हणून अजून कपाटात ठेवलेली आहे. सलमाच्या घरचा फोन लागत नाही. ते लोक देगलूर सोडून कुठे गेले, कोणाला माहीत नाही. रेणुकाताई रोज सकाळी यादी उघडतात, मला दाबतात आणि सर्वांत वरच्या त्या नावासमोरचा नंबर पुन्हा लावून बघतात.