सोनं खरवडून काढलेलं आभाळ

फ्लॉरेन्सबाहेरच्या टेकडीवरच्या चर्चमधलं वेदीमागचं जुनं चित्र लापोनं 'नवं' करून दिलं. तेव्हा ही टूमच निघाली होती. टोकदार कमानी करवतीनं कापायच्या, चित्र चौकोनी करायचं, संतांच्या मागचं सोनं खरवडायचं आणि तिथे आभाळ, डोंगर, लांब जाता जाता बारीक होणारी नदी काढायची. जुनं ते टाकाऊ, असं शहाण्या माणसांनी ठरवून टाकलं होतं आणि लापो स्वतःला शहाण्यांत धरत होता.

चित्र मुळात त्याच्या बापाचं, व्हेंतुराचं. तो सोन्याचा वर्ख म्हाताऱ्यानं कुत्र्याच्या दातानं घोटून घोटून चमकवलेला. "वरची काजळी पुसायला चाललोय, बाबा," असं सांगून लापो घरातून निघाला होता. खरं सांगायची छाती झाली नाही. वर्ख बसवण्यासाठी सोन्याखाली लिंपलेली लाल माती उघडी पडली तेव्हा त्याला स्वतःचीच इतकी लाज वाटली की त्यानं घाईघाईनं तिच्यावर निळा रंग फासला.

मधोमध बसलेल्या मरीयेचा, येशूच्या आईचा, चेहरा मात्र त्यानं तसाच ठेवला. कुंचला उचलला की हात मागे यायचा. याहून बरा आपल्याला जमणार नाही, हे त्याला कळून चुकलं होतं.

आज पैसे देणारे लोकरीचे व्यापारी, बिंदोशेठ, चित्र बघायला आले.

"वा! आता कसं मोकळं वाटतंय! आधी सगळे संत खुंटीला टांगल्यासारखे. पायाखाली जमीनच नाही! कोणाचा हो हा प्रताप?"

"असेल कोणी गावठी रंगारी," लापो म्हणाला. "तेव्हाच्या लोकांना काय कळत होतं?"

"पण हा मरीयेचा चेहरा बघ. आत्ता बोलेल. इथे तुझा हात दिसतो, बरं का!"

लापोनं मान खाली घातली. नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. त्यानं "आपली कृपा" म्हटलं.

मागे कोणीतरी खाकरलं. दाराशी टोपी हातात धरून व्हेंतुरा उभा होता. आपलं जुनं काम धुऊनपुसून कसं दिसतंय ते बघायला म्हातारा टेकडी चढून आला होता.

"या आजोबा," बिंदोशेठ म्हणाले. "तुम्ही जुने माणूस. हे आधीचं कोणी काढलं होतं, ठाऊक आहे?"

म्हातारा चित्रातल्या निळ्या आभाळाकडे बघत राहिला. मग मरीयेच्या चेहऱ्याकडे. लापोकडे त्यानं पाहिलंच नाही.

"होता एक. मेला तो."

"अरेरे! मागे कोणी?"

"नाही. मूलबाळ नव्हतं त्याला."

त्यानं छातीवर क्रूसाची खूण केली आणि टोपी घालून तो बाहेर पडला. 'बाबा' ही हाक लापोच्या ओठांवर आली होती. शेठ शेजारी उभे होते. त्यानं ती गिळली.

"बिचारा," बिंदोशेठ म्हणाले आणि त्यांनी कुंचला लापोच्या हातात दिला. "चल, खाली नाव घाल. हल्ली सगळे घालतात. आणि नुसतं तुझं नको, रिवाजाप्रमाणे बापाच्या नावासकट येऊ दे. कोणाचा मुलगा आहे ते कळू दे लोकांना!"

लापो गुडघ्यावर बसला. त्यानं स्वतःचं नाव लिहिलं. पुढचं लिहायला त्याचा हात उठेना.