अळणी समुद्र

समुद्राचं पाणी आता अळणी झालं आहे आणि ते मी स्वतः चाखून आलो, हे तुमच्यापैकी एकही जण मानणार नाही. नका मानू. खानावळवाल्या सुगंधाबाईंनी मात्र जवळजवळ मानलं होतं.

चंद्रपूरकडच्या पोंभुर्ण्याच्या बाजारात तीस वर्षं मी सुकी मासळी विकतो. बोंबील दरसाल आखूड होत गेला, अन् यंदा कोकणातल्या व्यापाऱ्यानं फोनवर सांगूनच टाकलं, पाणी तापलं, मासा खोल गेला, माल नाही. तापलं म्हणजे किती, तर म्हणे एक डिग्री. आम्ही इथं सत्तेचाळीस डिग्रीत वराती काढतो, भर दुपारी पंगती उठवतो, अन् हे समुद्राचे नवाब एका डिग्रीत घर सोडून पळतात.

मग मी गावतलावातले झिंगे वाळवले आणि समुद्राचे म्हणून पोतं भरलं. सुगंधाबाई खानावळीसाठी अख्खं पोतं उचलायच्या. यंदाही उचललं तर माझं दुकान राहणार, नाही तर बाजारातली जागा गेली. शेजारी मोबाईलची कव्हरं विकणारा खुशाल नावाचा गडी त्या जागेवर डोळा ठेवूनच बसला होता.

बाईंनी एक झिंगा जिभेवर ठेवला.

"रसूलभाऊ, हा अळणी काऊन लागते?"

"तेच तर सांगून राह्यलो, बाई. मी जाऊन पाह्यलं. तिकडं बर्फाचे डोंगर वितळले. इतकं गोडं पाणी आलं का समुद्राचं मीठच विरून गेलं. कोळी लोक त्याच पाण्याचा चहा करून राह्यले. आधीच तापेल आहे, चूल लागत नाई."

"अन् मासे?"

"एक म्हातारा बोंबील भेटला. मले म्हणे, चंद्रपूरकडचा का तू? तुमच्याच कोळशानं आमचं पाणी तापवलं. मी म्हटलं, बाबा, मी खाणीतला नाई, मी तर मासळी विकतो. तो म्हणे, वा, मंग तर लयच उपकार झाले."

खुशाल फिसकन हसला. मी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"ज्यांनी कोळसा जाळला ते थंडगार हॉलमध्ये बसून समुद्र वाचवाच्या गोष्टी करतात, बाई. मंग एकमेकाले शाली घालतात. समुद्राच्या तळाशी पोवळी पांढरीफटक पडली, अन् या लोकायले एसीत शाल लागते."

बाईंनी कोपरापर्यंत हात पोत्यात घातला, तळातली मूठभर मासळी काढली आणि बोटानं निवडू लागल्या. मी तराजू पुढे ओढला.

"बर्फ वितळला, मानलं," त्या अख्ख्या ओळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या आणि तळहातावरचं काळं, दोन काट्यांचं टरफल खुशालपुढे धरलं. "पण रसूलभाऊ, तलावातले शिंगाडे समुद्रात कोण लावून राह्यलं?"