दाराशी चपला नव्हत्या

कॉम्प्युटरचं काही अडलं की लोकांकडे एकच औषध असतं: बंद करा, चालू करा. मला त्याची चीड येते. ब्रह्मपुरीच्या राइस मिलचे मालक सुरेंद्रभाऊ त्या दुपारी तेच घोकत होते.

धानाचा प्रोग्राम मीच लिहिलेला. ऑफिस आणि गोदाम, दोन कॉम्प्युटर, मध्ये एक वायर. एकाने एंट्री उघडली की ती लॉक होते, दुसऱ्याला बदलता येत नाही. कोण काय उघडून बसलंय, ते पडद्याच्या तळाशी दिसतं. तिथं ओळ होती: लॉट चौदा, गोदामात उघडा.

"गोदामात कोनी नाई," भाऊ म्हणाले. "हमाल कोलूनं आत्ताच कीड मारायच्या गोळ्या ठेवून दार मातीनं लिंपलं. तुमचाच प्रोग्राम बिघडला."

मला मिरच्या झोंबल्या. कॉम्प्युटर चालू राहून गेला असेल, मी म्हटलं. लॉक तोडायला बटणाकडे हात नेला, तेवढ्यात ओळ बदलली. लॉट पंधरा, गोदामात उघडा.

चालू राहून गेलेला कॉम्प्युटर आपणहून पुढच्या लॉटवर जात नाही.

"गोकुळा कुठे आहे?" मी विचारलं. गोकुळा म्हणजे गोदामातली ऑपरेटर. मागच्या काचेच्या खोलीत पंखा लावून बसली की तिला बाहेरचं काही ऐकू येत नाही.

"जेवाले गेली," दारात उभा कोलू म्हणाला. "दाराशी एकबी चप्पल नव्हती."

धान म्हणजे लक्ष्मी, म्हणून सगळे चपला बाहेर काढून गोदामात शिरतात. कोलू चपला बघूनच दार लावतो. आजवर कधी चुकला नव्हता.

आम्ही गोदामाकडे पळालो. कोलूनं ओली माती नखांनी ओरबाडली. दार उघडताच लसणासारखा वास आला. या गोळ्यांचा विषारी गॅस हळूहळू सुटतो, तेवढीच देवाची कृपा. मी नाकाला रुमाल लावून आत गेलो. गोकुळा निवांत टाइप करत होती. दंडाला धरून ओढत तिला बाहेर आणलं.

"अर्धी एंट्री राह्यली माही," ती खोकत रागावली. "काऊन ओढून राह्यले?"

कोलू तिच्या अनवाणी पायांकडे बघत होता. "तुह्या चपला?"

तिनं येताना उचललेली पिशवी पुढे केली. "नव्या हायेत. काल कुत्र्यानं जुनी नेली, म्हणून आत नेल्या."

कोलू मटकन खाली बसला. मातीचे हात तसेच तोंडावर घेतले.

मी ऑफिसात परतलो. ओळ अजून तिथंच होती: लॉट पंधरा, गोदामात उघडा. ती बंद करायला माझा हात धजेना.