लहान हंड्याची राखण

येथरबर्नमध्ये माझ्या बोलण्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, आणि ते बरोबरच आहे. मी वॉटी डल्ग्लीश. टर्नबुलांच्या भट्टीसाठी बावन्न वर्षं ओकची पिंपं बांधली आणि त्याहून जास्त वर्षं थापा बांधल्या. पिंपं कधी गळली नाहीत. थापांचं सांगत नाही. ट्वीड नदीतला एक म्हातारा मासा पुलाखाली डोकं वर काढून माझ्याकडे हवापाण्याची चौकशी करायचा, असं मी वीस वर्षं सांगत आलो. आज कबूल करतो, तो फक्त उन्हाळ्यात यायचा.

पण आमच्या भागातल्या जड, गोडसर, माल्टनं भरलेल्या एल नावाच्या बिअरबद्दल मी खोटं बोलत नसे. सुगीच्या जत्रेत एकतीस वर्षं परीक्षकाच्या खुर्चीवर बसलो. डोळे मिटून घोट घेतला की माल्टसाठी मोड आणलेला सातू नदीच्या अलीकडचा की पलीकडचा, ते कळायचं. त्या शेतकऱ्याची बायको त्या साली रुसून माहेरी गेली होती का, तेही कळायचं. पण ते मी चारचौघांत काढत नसे. एलबद्दल खोटं बोललो ते एकदाच, आणि ते मला फार महागात पडणार होतं. मला कसलं, इश्बेलला.

इश्बेल म्हणजे रॉब टर्नबुलची मुलगी. रॉबचा खांदा गेला तेव्हापासून भट्टी तीच चालवत होती. सात वर्षं सगळं गाव तिच्या हातची एल पीत होतं, आणि पिंपावर नाव मात्र रॉबचं. आमच्याकडची रीतच तशी आहे. ज्यानं जत्रेचा चषक आणला त्याचंच नाव तापल्या लोखंडानं पिंपाच्या झाकणावर उठवायचं. आजाचं होतं, बापाचं होतं. इश्बेलच्या सात वर्षांत चषक दर वेळी डोंगरापलीकडच्या ग्रेलॉच्या भट्टीला गेला.

तिच्या नावाचा ठसा मी पहिल्याच वर्षी करून ठेवला होता. माझ्या कामाच्या खोलीत दाराच्या मागं खिळ्याला लटकलेला असायचा. दर वर्षी निकाल लागला की ती यायची, दाराकडं बघायची आणि म्हणायची, "गंजतोय हो, वॉटी काका."

"तेल लावतोय, पोरी."

एवढंच. पण आठव्या वर्षी रॉबनं तिला सांगितलं की यंदाही नाव लागलं नाही, तर ग्रेलॉवाल्यांच्या धाकट्या मुलाला मुख्य म्हणून आणायचं आणि तिनं त्याच्या हाताखाली काम करायचं. ती मला हे सांगताना हसली, पण तेव्हा तिनं दाराकडं पाहिलं नाही.

चषकाची एल आमच्याकडं जूनमध्ये, शिवेच्या सवारीच्या आठवड्यात लावतात. सवारी म्हणजे सगळं गाव घोड्यावर बसून गावाची शीव फिरून येतं. चारशे वर्षांपूर्वी शेजाऱ्यांनी आमचं एक कुरण गिळायला पाहिलं, तेव्हापासून आम्ही दर वर्षी खात्री करून घेतो. त्या साली निशाणाच्या मागच्या पहिल्या रांगेत इश्बेलला मान मिळाला होता. आणि त्याच सकाळी माल्टचा पहिल्या धारेचा रस लहान हंड्यात उतरला.

हा रस आटवणं हीच खरी कला. तांब्याचा लहान हंडा, खाली कोळशाचा मंद विस्तव, आणि रस आटून तळाशी चार बोटं उरला की तो मधासारखा दाट होऊन मोठ्या हंड्यात जातो. एलला रंग, अंग आणि जिभेवर बसायची ताकद येते ती इथून.

"तासभराचं काम आहे, काका," इश्बेल रिकिबीत पाय घालता घालता म्हणाली. "चार बोटं उरली की ओता."

"जा तू. डोळ्यांत तेल घालून बसतो."

बसलोही. बराच वेळ बसलो. मग ढोल वाजला, बासरी वाजली, आणि आमच्या गल्लीतून घोड्यांच्या टापा गेल्या. आता मला सांगा, येथरबर्नात जन्मलेला माणूस त्या आवाजाकडं पाठ करून हंड्यात बघत बसेल? मी कोट काढून स्टुलावर टाकला, म्हणजे कोणी डोकावलं तर राखणदार इथंच कुठंतरी आहे असं वाटावं. पुलापर्यंत जाऊन निशाण पाहायचं आणि परत यायचं, एवढाच बेत होता.

परत आलो तेव्हा अडीच तास झाले होते.

विस्तव निखाऱ्यांवर आला होता म्हणून भट्टी वाचली. हंड्यात चार बोटं नव्हती. बोट आडवं धरून मोजलं. सव्वा बोट. काळसर लाल, पळीवरून तारेसारखं लोंबणारं. ओतून टाकावं तर वर्षाचा चषक गेला. मी ते खरवडून मोठ्या हंड्यात घातलं, हंडा घासून पुसून ठेवला, आणि इश्बेल चिखलानं माखून, गाल लाल करून परत आली तेव्हा तिला सांगितलं की धुराड्यात वारा भरला, जाळ छपरापर्यंत गेला, आणि मी एकटा ओल्या पोत्यानं त्याच्याशी झुंजलो. ती माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "भाजलं नाही ना कुठं?"

गुत्त्यात ही गोष्ट फार चालली. ऑगस्टपर्यंत जाळ दोन झाले होते. सप्टेंबरात मी त्यातल्या एकाला शिंगं लावली.

मग जत्रा आली. परीक्षकांच्या तंबूत आम्ही तिघं. मी; ग्रेलॉचा गिडिअन लियरमंथ; आणि पाववाली युफेमिया प्रिंगल. गिडिअननं पन्नास वर्षं एल केली, आता त्याचा थोरला करतो. त्याच्या चेहऱ्याकडं पाहून दूध नासतं, असं त्याची आईच म्हणायची. पण जीभ खरी. युफेमियाचीही जीभ खरी, आणि धारदारही.

आमची पद्धत अशी. ग्लासांवर नावं नसतात, फक्त आकडे. एल थंड चालत नाही; ग्लास दोन्ही तळव्यांत धरून ऊब द्यायची. घोट घेतला की फेसाचं कडं काचेवरून घसरत तळाशी जाईपर्यंत कोणी बोलायचं नाही. आणि बोलायचं तेव्हा दोष आधी, गुण नंतर.

पहिले तीन ग्लास झटपट झाले. पहिल्याला युफेमिया म्हणाली, "पातळ. गरम पाण्यात माल्टची पिशवी हलवलीय." तिसरा बहुधा गिडिअनच्या मुलाचा होता, चांगला होता, नेहमीसारखा.

चौथा उजेडाकडं धरला. गडद, पण कडेला माणकाची लाली. नाक जवळ नेलं तर भाजलेली साखर, काळ्या मनुका, पावसानंतरच्या शेतातल्या मातीचा एक हलकासा वास. घोट घेतला. तो जिभेवर आला नाही, तो जिभेवर राहायला आला. गोडवा पुढं, मागून सुका, ऊबदार, आणि छातीत उतरताना जणू कोणी आतून कोटाची बटणं लावतंय. एकतीस वर्षांत असलं काही प्यायलो नव्हतो. आणि ते काय आहे हे जगात मला एकट्यालाच माहीत होतं. ते सव्वा बोट होतं.

फेसाचं कडं खाली जायला फार वेळ लावत होतं. दाट एलचं जातच नाही लवकर.

"दोष," गिडिअन शेवटी म्हणाला, "काकवी."

काकवी म्हणजे थट्टा नव्हे. आमच्या एलमध्ये माल्ट, पाणी, हॉप्सची कडू फुलं आणि यीस्ट, पाचवं काही नाही. ज्यानं काकवी घातली त्याचं पिंप जत्रेबाहेर, आणि तो माणूस पुन्हा कधी आत नाही.

"काकवी नाही ही," युफेमिया म्हणाली. "चाळीस वर्षं आल्याच्या केकात घालतेय मी. काकवी मागून जिभेच्या कडांना चावते, लोखंडासारखी. ही चावत नाही."

"मग हा रंग कुठून आला? नुसत्या माल्टमधून हा रंग येत नाही, युफेमिया. आला असता तर मी आणला असता."

आकड्यांमागच्या नावांचं पाकीट फोडलं. इश्बेलला आत बोलावलं. ती स्वच्छ एप्रन बांधून आली होती, जिंकायला येतात तशी. गिडिअननं विचारलं आणि तिच्या मानेपासून कानापर्यंत लाली चढत गेली.

"नाही घातली."

"मग रस किती आटवलास?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. पापणी लवायच्या आत नजर काढून घेतली. "जाळ मोठा झाला होता. वॉटी काकांनी सगळ्या गावाला सांगितलंय."

"वॉटीचा जाळ!" गिडिअन म्हणाला. "त्या जाळावर कोणी अंडंसुद्धा उकडणार नाही. आणि मोठ्या जाळानं रस करपतो, मुली. हा करपलेला नाही. दुसरं काही सांगायचंय?"

इश्बेलनं नकारार्थी मान हलवली. तंबूचं दार लोकांनी भरलं होतं. मागं रॉब उभा होता, खांदा धरून. आणि माझं असं झालं की एकतीस वर्षांची खुर्ची मला अचानक बोचायला लागली. ज्याचा हात हंड्याला लागला त्यानं त्या एलचा न्याय करायचा नाही, हा नियम तर मीच तंबूच्या खांबावर लावलेला. एक शब्द बोललो की खुर्ची गेली, आणि गुत्त्यातला जाळ शिंगांसकट गेला. न बोललो तर पोरगी गेली.

उठलो.

"मी हंड्यापाशी नव्हतो," मी म्हणालो. "सवारी बघायला गेलो होतो. एक तासाच्या जागी अडीच तास विस्तव मंद धुमसत राहिला. आलो तेव्हा सव्वा बोट उरलं होतं. तेच ओतलं. जाळ नव्हता. पोतंही नव्हतं."

दारात हशा पिकला. खरंच सांगतो, इतका हशा मला माशाच्या वेळीही मिळाला नव्हता.

"वा वॉटी! आणि मासा कुठं होता तेव्हा?"

"आता घोड्यावरून जाळ आला म्हण!"

गिडिअन हसला नाही. "डल्ग्लीश, तिला वाचवायला खोटं बोलतोयस. चांगलं करतोयस, पण खोटंच."

आयुष्यात पहिल्यांदा खरं बोललो आणि ते कोणी विकत घेईना. मी शपथ घ्यायला निघालो होतो, पण माझ्या शपथांचा भाव मला ठाऊक होता.

"तो पुलावर होता," युफेमिया म्हणाली.

सगळे वळले.

"माझ्या टोपलीशेजारी. ढोल पुढं गेला तेव्हा आला आणि शेवटचा घोडा परत येईपर्यंत हलला नाही. अंगात कोट नव्हता. टोपी हलवून ओरडत होता आणि दुसऱ्या हातानं माझ्या बॅनॉक पावाचे तीन तुकडे खाल्ले. लोण्यासकट."

"मग इतके महिने बोलली का नाहीस?" मी म्हणालो.

"तू जाळाला शेपूट कधी लावतोस त्याची वाट बघत होते, मेल्या."

आता कोणी हसलं नाही. गिडिअन हळूच माझ्याजवळ आला. "किती म्हणालास?"

"सव्वा बोट."

"सव्वा..." त्यानं आपलं बोट आडवं धरून त्याच्याकडं पाहिलं. "माझा आजा म्हणायचा, अडीच बोटांच्या खाली कोणी गेलेलं नाही. तिथं माणसाचा धीर सुटतो. तो हंडा उतरवतोच. तुला धीर झाला कसा?"

"धीर कसला, गिडिअन. मी पुलावर होतो."

परीक्षकाची फीत काढून मी टेबलावर ठेवली आणि दारातल्या लोकांत जाऊन उभा राहिलो. गिडिअननं चौथ्या पिंपातून नवा ग्लास भरून घेतला. तळव्यांत धरला. घोट घेतला. आम्ही सगळे फेसाच्या कड्याकडं बघत राहिलो, जसं काही ते निशाणच आहे. त्यानं दुसरा घोट घेतला. मग तिसरा. परीक्षक ग्लास संपवत नसतो. त्यानं संपवला, आणि तळाशी काही राहिलं का म्हणून उजेडाकडं धरून पाहिला. तिसऱ्या क्रमांकाच्या ग्लासाकडं, आपल्या पोराच्या एलकडं, त्यानं एकदाच नजर टाकली.

"दोष," तो म्हणाला. "ग्लास लहान आहे."

युफेमिया म्हणाली, "आणि गुण?"

"ते तू सांग. माझं तोंड भरलंय."

त्या संध्याकाळी माझ्या खोलीत मावेल त्याहून जास्त गाव आलं. ठसा निखाऱ्यांत लाल केला. आठ वर्षं तेल लावलेला, गंजाचा ठिपका नव्हता. ओकवर टेकवला तेव्हा धूर उठला, आणि काढला तेव्हा झाकणावर काळ्या अक्षरांत इश्बेल टर्नबुल होती. रॉबनं आपल्या चांगल्या हातानं त्या अक्षरांवरून बोट फिरवलं आणि पोळून घेतलं, आणि तरी काढलं नाही.

"मी घोड्यावरून पाहिलं होतं तुम्हाला," इश्बेल माझ्या कानाशी म्हणाली. "पुलावर."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही गोष्ट इतकी रंगवून सांगत होता, काका. आणि रस मी त्याच दिवशी चाखला होता."

परीक्षकाची खुर्ची मला परत मिळाली नाही. तिच्यापेक्षा चांगलं काम मिळालं. सवारीच्या सकाळी इश्बेल लहान हंडा चढवते, मला स्टुलावर बसवते, आणि ढोल वाजला की माझा कोट काढून घेऊन मला दाराबाहेर ढकलते. शेवटचा घोडा परतल्याशिवाय आत यायची मला बंदी आहे. गिडिअनच्या मुलानं घड्याळ लावून अडीच तास आटवून पाहिलं, जमलं नाही. तो मला विचारतो की रहस्य काय.

मी त्याला सांगतो, तीन तुकडे बॅनॉक, लोण्यासकट. आणि हे मात्र अगदी खरं आहे.