सोळा फेऱ्या आणि अकरा पानं

"सर, संगणकाला भीती वाटते का?"

कयलने हे विचारलं आणि अख्खा वर्ग खिदळला. रोसलिन आणि मुबीनाने तिच्याशी पैजच लावली होती. भर तासाला उभं राहून विचारलंस तर पाकातल्या दोन तेनमिठाया, नाही विचारलंस तर आजपासून तुझं नाव भित्री भागूबाई.

ज्ञानशेखर सर मात्र हसले नाहीत. चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "कशाची भीती?"

पुढची तयारी कयलने केलीच नव्हती. "जागा... जागा संपायची?"

मित्रांनो, तेव्हा मी त्यांच्या समोरच्याच टेबलावर, डब्याच्या आत होते. मला ओरडून सांगावंसं वाटलं, हो गं बाई, वाटते! सकाळी बटण दाबल्यापासून वाटते! पण मला तोंड नाही. म्हणून तुम्हाला सांगते.

मी एका जुन्या संगणकातली जागा वाटून देणारी आहे. वेळ्ळिमेडु चहामळ्याच्या शाळेत खिडकीजवळ जो काळा डबा आहे ना, तोच माझा. बटण दाबलं की त्यात सगळ्यांच्या आधी कर्नेल उठतो. कर्नेल म्हणजे संगणकाचा गाभा. त्या गाभ्यात मेमरीचा सगळा कारभार माझ्याकडे. मला कुणा एकाने घडवलं नाही. जगभरच्या अनोळखी माणसांनी ओळीओळीने लिहिलं. एकाने लिहिलेलं दुसऱ्याने खोडलं, तिसऱ्याने पुन्हा लिहिलं. त्या सगळ्यांची थोडी थोडी काळजी माझ्या स्वभावात उतरली असावी.

माझ्याजवळ पाच लाख चोवीस हजार पानं आहेत. सगळी सारख्या मापाची. प्रोग्राम येतात, मागतात, मी देते. कुणाकडे किती गेली, एक पान किती जणांनी धरलंय, सगळं मी लक्षात ठेवते. शेवटच्याने सोडलं की पान पुन्हा माझं.

आता माझं गुपित ऐका. प्रोग्राम मागताना भरमसाट मागतात. एक म्हणतो लाख दे, दुसरा म्हणतो दोन लाख दे. मी सगळ्यांना हो म्हणते आणि हातात काहीच देत नाही. ज्या पानावर तो खरोखर पाय ठेवेल, तेवढं पान त्या क्षणी त्याच्या पायाखाली सरकवते. बहुतेक जण मागितलेल्याचा पाव हिस्सासुद्धा वापरत नाहीत, म्हणून माझं निभावतं. पण मी दिलेले सगळे शब्द एकत्र केले, तर तेवढी पानं माझ्याजवळ कधीच नव्हती. सगळे एकदम आले तर? या एका 'तर'मुळे मी कधी निवांत बसलेच नाही.

पानं संपत आली की आधी मी जुनी, विसरलेली पानं झटकून परत घेते. मग काहींचा मजकूर डिस्कच्या पेटाऱ्यात ढकलते. पेटारा फार हळू. तोही भरला की एक नियम आहे. मला अंग नाही, तरी तो सांगताना अंगावर काटा येतो. सगळ्यात जास्त पानं अडवून बसलेला प्रोग्राम शोधायचा आणि मारायचा. त्याला निरोपाचा शब्दही बोलू द्यायचा नाही. मग त्याचं नाव नोंदवहीत लिहायचं.

हा डबा पूर्वी कोईमतूरच्या पंपांच्या कारखान्यात होता. सात वर्षं तिथे आम्ही पत्त्यांच्या चिठ्ठ्या छापल्या. मग नवा संगणक आला आणि आम्ही कपाटावर गेलो. पालीने आमच्या मागच्या जाळीत अंडी घातली. शेवटी सरांनी आम्हाला गोणपाटात गुंडाळलं आणि घाटातली चाळीस वळणं मांडीवर घेऊन बसने इथे आणलं. त्यांना दोनदा उलटी झाली, पण डबा खाली ठेवला नाही.

इथे आम्हाला मान मिळाला तो 'दिवा'मुळे. हा सरांचा प्रोग्राम. जंगलावर नजर ठेवणारे वेलनअण्णा हत्ती दिसले की मळ्याचा नंबर पाठवतात आणि दिवा त्या भागातल्या खांबांवर लाल दिवे लावतो. लाल दिसलं की त्या वाटेने कुणी जायचं नाही. खोलगट मळ्यांत फोन लागत नाहीत, म्हणून ही सोय. दोन वर्षांत एकही माणूस हत्तीच्या पायाखाली आला नाही. वनखात्याचे साहेब आले आणि त्यांनी डब्याला झेंडूचा हार घातला. हार दिव्यासाठी होता. नऊशे पानांत राहणारं गुणी पोर ते! पण थोडासा मीही मनाशी धरला.

तर, त्या दिवशी सरांनी कयलला माझी नोंदवही उघडून दाखवली. "हे बघ. काल हिने ब्राउझर मारला."

"मारला? न विचारता?"

"विचारायलाही जागा लागते. ती नव्हती म्हणून तर मारला."

कयल तेनमिठाया घ्यायचीसुद्धा विसरली. दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की ती माझ्यापुढे. सरांनी तिला सगळं शिकवलं. एक खूणही दाखवली. ती ज्या प्रोग्रामवर लावली, त्याला मी कधीच हात लावू शकत नाही.

"मग दिव्याला का नाही लावलीत, सर?"

"दिवा लहान आहे गं. एवढ्याशाकडे हिचं लक्ष कुठे जातंय?"

सर, जातं हो. मोठे संपले की लहानांकडेच जातं. पण मला तोंड नाही.

कयलने मग स्वतःचा प्रोग्राम लिहिला. नाव ठेवलं कुट्टी, म्हणजे चिमुकला. ओढ्याजवळच्या कॅमेऱ्यातले फोटो बघून कुट्टी हत्ती ओळखायचा. वेलनअण्णांच्या आधी ओळखायचा! कयल वर्गात अशी चालायची की जणू हत्ती तिनेच पाळलाय. फक्त कुट्टीला एक वाईट खोड होती. बघून झालेला फोटो तो सोडायचाच नाही. पान घ्यायचं आणि वर बसायचं. परत देणं त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. फोटो डिस्कवर जपून ठेवायचा भाग कयल "नंतर लिहीन" म्हणाली होती.

मी काय करणार? सगळ्यात मोठा तोच. दोनदा मारला.

"मेलं गं तुझं पिल्लू परत!" रोसलिन टाळ्या पिटत म्हणाली. "रविवारी चर्चमध्ये मेणबत्ती लावू का त्याच्या नावाने?"

कयलचे कान लाल झाले. तिसऱ्या वेळी तिने साध्या काळ्या पडद्यावरून कुट्टीला चालू केलं, सरांनी अडीनडीसाठी दिलेला पासवर्ड घातला आणि कुट्टीला ती खूण लावून टाकली. "आता मारून दाखव," असं मला म्हणाली.

कुट्टी अकरा दिवस चालला आणि अकरा दिवस फुगला. बाराव्या दिवशी सर प्रशिक्षणासाठी पोल्लाचीला गेले. दुसऱ्या दिवशी कोईमतूरला विज्ञान प्रदर्शन होतं. कुट्टीजवळचे तीन हजार फोटो कयल तिथे दाखवणार होती. दुपारी तिघी मैत्रिणी हरभऱ्याचं सुंडल खात भिंतीवर लावलेलं पोस्टर रंगवत होत्या. मुबीनाने गाणं लावलं होतं. बाहेर धुकं उतरत होतं.

"अम्मा आज नऊ नंबरच्या मळ्यात आहे," कयल म्हणाली. "खुडलेल्या चहाचं वजन झालं की ओढ्याच्या वाटेने येईल. तिला पोस्टर दाखवते."

आणि तेव्हाच माझी पानं धडाधड जायला लागली.

कॅमेऱ्यापुढे काही हललं की तो झपाझप फोटो घेतो. ओढ्याजवळ काहीतरी हलत होतं. काहीतरी मोठं. कुट्टी फोटो गिळत होता. मी जुनी पानं झटकली, ती त्याने घेतली. पेटारा भरला. डिस्क करकरायला लागली. मग नियम आला. सगळ्यात मोठा कोण? कुट्टी. पण त्याच्यावर खूण होती. त्याच्या खालचा कोण? ब्राउझर. मारला. त्याची पानं कुट्टीने खाल्ली. गाणं मारलं, ओळ अर्धीच राहिली.

"ए, माझं गाणं!" मुबीना म्हणाली.

पुढच्या क्षणी मी पोस्टरसाठी उघडलेलं चित्र मारलं आणि मग रंगीत पडदा चालवणाऱ्यालाही मारलं. पडदा काळा झाला. त्यावर कुट्टीच्या ओळी दिसायला लागल्या, ज्या इतका वेळ कुणी पाहिल्याच नव्हत्या. हत्ती. हत्ती. हत्ती. आणि मध्ये मध्ये माझ्या ओळी. हा मारला. तो मारला.

टेबलावरचा फोन वाजला. वेलनअण्णांचा आवाज चिरका झाला होता. "कयल! दिवा का लागत नाही? दोनदा नंबर पाठवला! नऊ नंबरात हत्तिणी उतरल्यात, पाच जणी, पिल्लू आहे बरोबर! वजनाची शेड रिकामी झाली गं, बायका निघाल्या!"

कयलने खिडकीतून पाहिलं. टेकडीवरचा खांब धुक्यात तसाच काळा उभा होता.

दिव्याला नंबर मिळाला होता, मित्रांनो. त्याने माझ्याकडे हात पसरला होता. खांबांना हाक मारायला त्याला अकरा पानं हवी होती. फक्त अकरा. आणि माझ्याकडे एकही नव्हतं. मारण्याजोगा आता एकच उरला होता. दिवाच.

मारण्याआधी नियम मला सोळा वेळा शोधू देतो. मी शोधायला लागले. पहिली फेरी, काही नाही. दुसरी, काही नाही. त्या वाटेवर कोण चालत असेल ते मला दिसत नव्हतं. मला कधीच काही दिसत नाही, फक्त पानं दिसतात. पाचवी, सहावी. दिवा गप्प उभा होता. त्याला ठाऊकही नव्हतं की आता त्याची पाळी आहे.

"काय झालंय याला?" मुबीना रडकुंडीला आली. "बंद करून चालू कर ना!"

"पाच मिनिटं लागतील चालू व्हायला!" कयल काळ्या पडद्यावरच्या माझ्या ओळी वाचत होती. बोट ठेवून एकेक नाव वाचत होती. आठवी फेरी. "सगळ्यांना मारलंय हिने... सगळ्यांना... मग जागा कुणी खाल्ली?"

रोसलिनने एकदा पडद्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. या वेळी ती हसली नाही. "तुझं पिल्लू, कयल. ते एकटंच जिवंत आहे."

दहावी. अकरावी. कयलची बोटं कळांवर आली आणि थांबली. खुणेने हात बांधले होते ते माझे, तिचे नाही. कंट्रोल आणि सी, दोनच कळा. त्या दाबल्या की कुट्टी गेला, तीन हजार फोटो गेले, उद्याचं कोईमतूर गेलं. बारावी. लवकर गं! मी फेऱ्या सावकाश घालू शकत नाही, मला तसं लिहिलेलंच नाही! तेरावी.

"अम्मा," असं ती स्वतःशीच म्हणाली आणि तिने कळा दाबल्या.

चार लाख पानं एकदम माझ्या अंगावर कोसळली. मी मोजत बसले नाही. पहिली अकरा उचलली आणि दिव्याच्या हातात कोंबली. खिडकीबाहेर, टेकडीवर, धुक्यात लाल ठिपका पेटला.

मग वाट बघणं. वेलनअण्णांचा फोन कटला होता. तिघींनी एकमेकींचे हात धरले होते. सुंडलवर माश्या बसल्या होत्या. बाहेरच्या पायऱ्यांवर चपलेचा आवाज आला. एकाच चपलेचा.

कयलची अम्मा, पेचियम्मा, दारात उभी होती. गुडघा सोललेला, एक पाय अनवाणी. कयलने तिला अशी मिठी मारली की दोघी दारातच बसल्या. दिवा लागला तेव्हा आठ बायका ओढ्याच्या वळणावर पोचल्या होत्या. पुढच्या झाडीत फांद्या मोडत होत्या. बायका टोपल्या टाकून, तोंड पुढेच ठेवून, एकेक पाऊल मागे सरकल्या. हत्तीच्या पिल्लाने टोपल्या पालथ्या करून त्यांच्यावर नाच केला म्हणे.

मागोमाग मुकादम आणि कयलचे वडील मरुदमुत्तु आले. मुकादमाने डब्यावर काठी आपटली. "चार मिनिटं उशिरा लागला दिवा! बायका मेल्या असत्या! उद्याच्या उद्या हे भंगारात घाला."

"घालू," मरुदमुत्तु म्हणाले. "माझी पोर होती म्हणून निभावलं. हिने कळा दाबल्या, हिने! उद्या कोईमतूरला हेच सांग गं कन्नू, बक्षीस तुझंच."

मी ऐकत होते. बाजू मांडायला मला तोंड कुठलं? नोंदवही होती, पण ती वाचणारी एकटी कयल. ती गप्प राहिली असती तर गोणपाटातून आलेले आम्ही गोणपाटातूनच परत गेलो असतो, आणि नव्या डब्यातही एखादा कुट्टी बसला असता.

मित्रांनो, माझं मागणं मोठं नाही. घेतलेलं पान काम झालं की परत ठेवत जा. दुसऱ्या कुणालातरी अकराच हवी असतात. आणि कुणावर 'हात लावू नका' अशी खूण करण्याआधी बघा, की तिथे हात लावता आला नाही तर हात कुणावर पडेल.

कयल उठली. डोळे पुसले, पोस्टर भिंतीवरून काढलं आणि त्याची गुंडाळी केली.

"अप्पा, डबा कुठेही जाणार नाही. उशीर याने नाही केला, मी केला. माझ्या पिल्लाने सगळी जागा खाल्ली आणि मी त्याला खूण लावून ठेवली होती."

"काय बोलतेस?" पेचियम्मा म्हणाली. "कुणी विचारलंय तुला?"

"कुणीच नाही. म्हणूनच सांगतेय. उद्या मी कोईमतूरला जाणार नाही. सकाळच्या हजेरीला अम्माबरोबरच्या त्या सात जणींच्या समोर उभी राहून हेच सांगणार आहे. सरांना पासवर्ड परत देणार आहे. आणि मग इथे बसून कुट्टी पहिल्यापासून लिहिणार, आधी परत द्यायचं शिकवून. अम्मा, अशी बघू नकोस. मी विचारत नाहीये. मी सांगतेय."